हलत्या दिव्यांचे पोस्टर : कृतीसोबत आकडेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान प्रदर्शने जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ‘हलत्या दिव्यांचे पोस्टर तयार करा’ अशा कृती हमखास दिसू लागतात. फोमबोर्डवर चित्र, चित्राला भोके, भोकांत एलईडी आणि मागे एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे कोणता दिवा कधी लावायचा ते ठरवणारा चिमुकला संगणक. विषय फार चांगला आहे, नवशिक्याला झेपणारा आहे, आणि अशा कृती छापून येतात याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. तक्रार एकच. ‘एलईडी पिनला जोडा आणि प्रोग्राम चढवा’ यापलीकडे त्यांत बहुधा काही नसते. रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारा छोटा भाग) किती ओहमचा, एका पिनवर किती दिवे चालतील, लाल आणि निळ्या एलईडीत फरक काय, वीज कुठून घ्यायची, यातले काहीच सांगितलेले नसते. मग पोस्टर पेटत नाही आणि मुले रात्र रात्र प्रोग्राम तपासत बसतात. प्रोग्राम बऱ्याचदा बरोबरच असतो. चूक असते विजेच्या हिशेबात, आणि तो हिशेब कुणी छापलेलाच नसतो.

म्हणून हे पत्र. एक पोस्टर उदाहरणादाखल घेऊन त्याचे सगळे आकडे खाली मांडत आहोत. कृती छापताना किमान एवढा तपशील द्यावा, अशी विनंती आहे.

उदाहरण रक्ताभिसरणाचे घेऊ. ते मुद्दाम निवडले, कारण यात दिव्यांची हालचाल केवळ शोभेची नाही. दिवे चुकीच्या क्रमाने लागले तर पोस्टर खोटे बोलते, आणि बहुतेक पोस्टरे इथेच चुकतात. दिवे एका ओळीत पळवायचे, म्हणजे आधी उजवी कर्णिका (हृदयाचा वरचा कप्पा), मग उजवी जवनिका (खालचा कप्पा), मग फुप्फुसे, मग डावी कर्णिका, डावी जवनिका आणि शेवटी शरीर, असा क्रम सहसा लावला जातो. रक्ताचा एखादा थेंब याच वाटेने जातो हे खरे. पण हृदय असे पाळीपाळीने चालत नाही. दोन्ही कर्णिका एकाच वेळी आकुंचन पावतात, त्यानंतर दोन्ही जवनिका एकाच वेळी. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यात कर्णिकांचे आकुंचन साधारण ०.१ सेकंद, जवनिकांचे ०.३ सेकंद आणि उरलेला ०.४ सेकंद सगळ्यांची विश्रांती. एकास तीन, तीनास चार हे प्रमाण पोस्टरवर जसेच्या तसे उतरवता येते. वेग मात्र चौपट कमी करावा, कारण ०.१ सेकंदाची चमक पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हणजे ४०० मिलिसेकंद कर्णिका, १२०० मिलिसेकंद जवनिका, १६०० मिलिसेकंद विश्रांती. एकूण ३२०० मिलिसेकंदांचे चक्र. ‘चार पट सावकाश दाखवले आहे’ ही ओळ पोस्टरवर ठळक छापावी. अशुद्ध रक्त खरोखर निळे नसते, ते गडद लाल असते आणि निळा रंग हा फक्त चित्रातला संकेत आहे, हेही शेजारी लिहिलेले बरे. पाहणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांचा तो गैरसमज असतोच.

दोन्ही बाजू एकदम चालतात या गोष्टीचा जोडणीतही मोठा फायदा होतो. डावीकडचा लाल आणि उजवीकडचा निळा एलईडी अशी जोडी एकाच पिनवर ठेवता येते. सहा जोड्या, बारा एलईडी, सहा पिना. पहिली जोडी कर्णिकांची, दुसरी जवनिकांची. तिसरी आणि चौथी धमन्यांची : निळे फुप्फुस धमनीवर, लाल महाधमनीवर, एक जोडी हृदयाजवळ आणि एक लांब. पाचवी व सहावी शिरांची : निळे महाशिरेवर, लाल फुप्फुस शिरेवर. आर्डुइनो युनो या बोर्डवर प्रकाश कमी-जास्त करता येतील अशा पिना नेमक्या सहाच आहेत, ३, ५, ६, ९, १० आणि ११. सहा जोड्या याच क्रमाने त्यांना जोडायच्या. बोर्डवर त्यांच्या आकड्याशेजारी नागमोडी खूण असते. ० आणि १ या पिना रिकाम्या ठेवायच्या. त्या संगणकाशी बोलण्यासाठी वापरल्या जातात, आणि तिथे काही जोडलेले असले की प्रोग्राम चढताना अडतो.

आता रेझिस्टर. लाल एलईडी पेटलेला असताना त्याच्यावर साधारण २ व्होल्ट पडतात, निळ्यावर साधारण ३.१. युनोची पिन ५ व्होल्ट देते. उरलेले व्होल्ट रेझिस्टरने अडवायचे. लाल एलईडीला ३३० ओहम लावला तर ३ भागिले ३३०, म्हणजे सुमारे ९ मिलिअँपिअर प्रवाह. निळ्याला २२० ओहम लावला तर १.९ भागिले २२०, सुमारे ८.६ मिलिअँपिअर. जोडीचे मिळून १८ मिलिअँपिअरच्या आत. युनोच्या आर ३ आवृत्तीत एका पिनवर २० मिलिअँपिअरपर्यंत भार ठेवणे योग्य. ४० ही चिप सहन करण्याची शेवटची हद्द आहे, ती रोजच्या वापरासाठी धरायची नाही. सहाही जोड्या एकदम पेटल्या तरी बेरीज १०६ मिलिअँपिअरच्या आसपास, आणि संपूर्ण चिपची मर्यादा २००. हिशेब बसतो.

इथे दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे एका पिनवर दोन एलईडी असल्याने रेझिस्टरही एकच पुरेल असे वाटणे. लाल आणि निळा समांतर जोडून दोघांना मिळून एकच रेझिस्टर लावला की लाल पेटतो, निळा अजिबात पेटत नाही. लाल एलईडी जोडीवरचे व्होल्ट २ च्या वर चढूच देत नाही आणि निळ्याला ३ लागतात. निळा एलईडी खराब निघाला असे समजून तो बदलला जातो, दुसराही पेटत नाही, तिसराही नाही. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर हवा. या नियमाला या पोस्टरमध्ये अपवाद नाही.

दुसरी चूक नव्या बोर्डांमुळे होऊ लागली आहे. ‘युनो’ नाव तेच असले तरी आर ४ आवृत्तीची पिन फक्त ८ मिलिअँपिअरची आहे. आर ३ साठी लिहिलेली वरची जोडणी तिच्यावर उतरवली तर पिनवर दुपटीहून अधिक भार पडतो. आर ४ असेल तर लाल एलईडीला १ किलोओहम आणि निळ्याला ६८० ओहम वापरावा. प्रवाह प्रत्येकी ३ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, जोडीचा ६ च्या आत, आणि आजकालचे एलईडी खोलीतल्या उजेडात तेवढ्यावरही स्पष्ट दिसतात. मायक्रोबिट किंवा ३.३ व्होल्टचा दुसरा कुठलाही बोर्ड असेल तर गणित आणखी बदलते. निळ्या एलईडीलाच ३.१ व्होल्ट हवेत, मग रेझिस्टरसाठी काही उरत नाही आणि दिवा जेमतेम मिणमिणतो. तिथे निळ्याऐवजी पिवळा वापरणे सोपे. कृती छापताना बोर्डचे नाव आवृत्तीसकट छापणे का गरजेचे आहे, ते यावरून लक्षात यावे.

सामानाची यादी अशी : आर्डुइनो युनो आर ३ एक, ५ मिलिमीटरचे लाल एलईडी ६, निळे ६, आणि प्रत्येक रंगाचे दोन-दोन जास्तीचे, ३३० ओहमचे ६ आणि २२० ओहमचे ६ पाव वॉटचे रेझिस्टर, चार पायांचे छोटे पुश बटण एक, सुमारे ५-६ मीटर वायर, निदान तीन रंगांत, ५ मिलिमीटर जाडीचा ए-२ आकाराचा फोमबोर्ड, हीट श्रिंक नळी (तापवल्यावर जोडावर आवळून बसणारी), सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, ग्लू गन. आर्डुइनो बोर्डच्या भोकांत एकतारी वायर घट्ट बसते. अनेक तारांची मऊ वायर तिथे टिकत नाही, तिच्या टोकाला आधी सोल्डर पाजून कडक करावे लागते.

एलईडीचा लांब पाय धन. पाय कापल्यावर ओळख पुसली जाते, म्हणून कडेची चपटी बाजू पाहायची सवय लावावी. चपटी बाजू ऋण. सगळे एलईडी फोमबोर्डवर बसवण्याआधी मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर एकेक तपासावा, मंद पेटतो. मात्र काही मीटर त्या खुणेवर ३ व्होल्टही देत नाहीत, तेव्हा निळा पेटला नाही म्हणून लगेच फेकू नये. ५ व्होल्ट आणि १ किलोओहम रेझिस्टर लावून पुन्हा पाहावा.

मग भोके. छापलेले चित्र फोमबोर्डवर चिकटवून पूर्ण वाळल्यावर पुढून मागे भोक पाडायचे. मागून पुढे पाडले तर कागद फाटून बाहेर येतो. आधी टाचणी, मग टोकदार पेन्सिल गोल फिरवत आत न्यायची. ५ मिलिमीटरचा एलईडी घट्ट बसेल एवढेच मोठे करायचे. पारदर्शक डोक्याचा एलईडी अरुंद झोत फेकतो. समोरून डोळे दिपतात आणि बाजूने पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. दुधी डोक्याचे एलईडी घ्यावेत, नाही तर पारदर्शक एलईडीचे डोके बारीक पॉलिश पेपरवर गोल घासून खरबरीत करावे. ४०० नंबरचा कागद चालतो, अर्ध्या मिनिटाचे काम आहे. पोस्टर कसे दिसते याच्यावर या अर्ध्या मिनिटाचा परिणाम प्रोग्राममधल्या कुठल्याही करामतीपेक्षा जास्त होतो.

यानंतरचा टप्पा जरा सावकाश वाचावा. हृदयाच्या चित्रात उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडे असते, कारण चित्र समोर उभ्या माणसाचे असते. जोडणीसाठी फोमबोर्ड उलटा केला की तीच उजवी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. पुढच्या चित्राकडे पाहून मागे वायर लावणाऱ्याचे निळे आणि लाल हमखास अदलाबदल होतात, आणि त्याबरोबर रेझिस्टरही. फोमबोर्डच्या मागे, वायरीला हात लावण्यापूर्वी, प्रत्येक भोकाशेजारी पेनने तीन गोष्टी लिहाव्यात : पिनचा आकडा, रंग आणि रेझिस्टर. ‘३, निळा, २२०’ असे. बारा भोकांना पाच मिनिटे लागतात.

जोडणी करताना सर्व एलईडींचे ऋण पाय एका उघड्या जाड तांब्याच्या तारेवर सोल्डर करावेत आणि ती तार आर्डुइनो बोर्डच्या ग्राउंडला, म्हणजे ऋण टोकाला, न्यावी. धन पायाला लगेच रेझिस्टर, रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला वायर, आणि जोडीच्या दोन वायरी एकत्र होऊन एका पिनला. रेझिस्टर एलईडीपाशीच ठेवला की नंतर एखादी वायर चुकून ५ व्होल्टला टेकली तरी एलईडी वाचतो. वायर ओवल्यावर आणि जोड देण्याआधी हीट श्रिंकचा तुकडा त्यावर सरकवून ठेवायचा. जोड दिल्यावर आठवला तर पुन्हा सोडवावे लागते. सोल्डरिंग गनचे टोक एलईडीच्या पायाला तीन सेकंदांपेक्षा जास्त लावू नये. सोल्डर चकचकीत पसरून दोन्ही धातूंना धरला पाहिजे. राखाडी गोळी होऊन वर बसला असेल तर तो जोड कच्चा आहे : आज चालेल, पोस्टर उचलून नेताना सुटेल. सोल्डरमध्ये शिसे असू शकते, काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. आणि गरम गोंद सगळ्यात शेवटी, सारे दिवे एकदा पेटवून पाहिल्यानंतर.

आता प्रोग्राम. बहुतेक छापील कृतींत ‘डिले’ ही आज्ञा वापरलेली असते : दिवा लाव, थांब, विझव, थांब. दोन दिव्यांपुरते ठीक आहे. पण डिले चालू असताना बोर्ड दुसरे काहीच करत नाही. १२०० मिलिसेकंदांच्या थांब्यात कुणी बटण दाबले तर ते त्याला कळतही नाही, आणि एक दिवा मंदावत असताना दुसरा उजळवणे तर जवळजवळ अशक्य होऊन बसते. त्याऐवजी घड्याळाकडे पाहून काम करावे. ‘मिलिस’ ही आज्ञा बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगते. त्या आकड्याला ३२०० ने भागून उरणारी बाकी घ्यायची. बाकी ४०० च्या आत असेल तर पिन ३ पेटलेली. ४०० ते १६०० असेल तर पिन ५ पेटलेली, ५५० ला पिन ६ आणि ८५० ला पिन ९ तिच्या जोडीला. १६०० च्या पुढे पिन १० उजळ, २००० पासून ११ ही उजळ. शिरांचे दिवे एरवी अगदी मंद ठेवायचे, पूर्ण प्रकाश २५५ धरला तर २० वर. पूर्ण विझवायचे नाहीत, कारण जवनिका आकुंचन पावत असतानाही कर्णिका भरतच असतात. एवढ्या चार वाक्यांत पोस्टरचा सगळा मेंदू मावतो.

यात एक सापळा आहे. मिलिसचा आकडा ठेवण्यासाठी ‘अनसाइन्ड लाँग’ (फक्त धन, पण खूप मोठे आकडे मावणारा) प्रकारच वापरावा. साध्या ‘इंट’ या छोट्या पूर्णांकांच्या प्रकारात ठेवला तर आर ३ बोर्डवर तो ३२,७६७ पर्यंतच मावतो. पोस्टर सुरू केल्यापासून जवळजवळ ३३ सेकंद सगळे सुरेख चालते. मग आकडा उलटून ऋण होतो, त्याची बाकीही ऋण येते, ऋण आकडा ४०० पेक्षा लहानच असतो, आणि दोन्ही कर्णिका पेटून तशाच राहतात. आणखी ३३ सेकंदांनी आकडा पुन्हा शून्यावर येतो आणि पोस्टर काहीच न झाल्यासारखे चालू लागते. हे पाहून वायर सैल असावी असेच कुणालाही वाटेल, आणि सारे जोड पुन्हा तपासले जातील. बिघाड जर घड्याळ लावून नियमाने येत असेल तर वायरीला दोष देऊ नये. अनसाइन्ड लाँगमध्ये हाच आकडा उलटायला सुमारे ४९ दिवस लागतात.

प्रकाश हळूहळू वाढवायचा असेल तर ‘अ‍ॅनालॉगराइट’ या आज्ञेला ० ते २५५ आकडा द्यायचा. सरळ एकेक वाढवत गेले की दिवा पहिल्या तिसऱ्या भागातच जवळजवळ पूर्ण पेटल्यासारखा वाटतो आणि पुढे फरक जाणवत नाही, कारण डोळा प्रकाश सम प्रमाणात मोजत नाही. आकड्याचा वर्ग करून २५५ ने भागावा. १२८ च्या जागी ६४ जातो आणि चढ एकसारखा दिसतो. वर्ग करतानाही इंटची तीच अडचण : १८१ चा वर्ग ३२,७६१ मावतो, १८२ चा मावत नाही. तिथेही अनसाइन्ड प्रकार घ्यावा.

बटण लावले तर पोस्टर आणखी बोलके होते. दाबले की ‘पळताना’ची गती. इथेही सगळे टप्पे सारखेच आखडायचे नाहीत. ठोके वाढतात तेव्हा विश्रांतीचा काळ सर्वांत जास्त घटतो. १६०० चा ६०० करा, १२०० चा ९००, ४०० चा ३५०. पाहणाऱ्याला फरक लगेच कळतो. बटणाचे एक टोक पिन २ ला, दुसरे ग्राउंडला, आणि प्रोग्राममध्ये पिन ‘इनपुट पुलअप’ ठेवायची, म्हणजे बोर्ड आतूनच तिला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. मग बाहेरून रेझिस्टर लागत नाही, पण उत्तर उलटे मिळते : दाबल्यावर शून्य, सोडल्यावर एक. चार पायांच्या बटणात दोन-दोन पाय आतून आधीच जोडलेले असतात. चुकून तेच दोन घेतले तर बटण कायम दाबल्यासारखे राहते. तिरके समोरासमोरचे दोन पाय घेतले की ही चूक होतच नाही. बटणाचा धातू टेकताना काही मिलिसेकंद थरथरतो आणि एका दाबाचे चार दाब मोजले जातात. म्हणून पहिला बदल दिसल्यावर पुढचे ५० मिलिसेकंद बटणाकडे दुर्लक्ष करायचे.

वेगाची एक मर्यादा जरूर छापावी. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा प्रकाश ठेवू नये. काही लोकांना अशा प्रकाशाने अपस्माराचा झटका येऊ शकतो, आणि प्रदर्शनात समोर कोण उभे राहील हे आपल्याला माहीत नसते.

विजेबद्दल थोडक्यात. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी चित्रात छान दिसते म्हणून कृतींत सर्रास दाखवली जाते. ती या कामाची नाही. तिची क्षमता सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास असते. बोर्ड स्वतः ५० च्या आसपास खातो, दिवे सरासरी तेवढेच, आणि ९ चे ५ व्होल्ट करताना ४ व्होल्ट नुसते उष्णतेत जातात. कागदावर पाच तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. पॉवर बँक बरी वाटते, पण भार फार कमी असला की अनेक पॉवर बँका फोन पूर्ण चार्ज झाला असे समजून काही वेळाने स्वतःच बंद होतात, आणि पोस्टर मध्येच विझते. फोनचा ५ व्होल्ट १ अँपिअरचा साधा चार्जर आणि यूएसबी वायर हेच सर्वांत खात्रीचे. भिंतीतल्या प्लगची वीज थेट पोस्टरच्या वायरीपर्यंत कुठल्याही रूपात आणू नये. यूएसबी वायरीबद्दलही एक ओळ हवी. काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. बोर्डवरचा दिवा लागतो पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. वायर बदलून पाहणे ही पहिली तपासणी, ड्रायव्हर वगैरे नंतर.

आजकाल पट्टीवरचे रंगीत एलईडी, डब्ल्यूएस २८१२ बी, वापरणाऱ्या कृतीही बऱ्याच येतात. तीन वायरींत शेकडो दिवे, प्रत्येकाचा रंग वेगळा. धमन्यांचा प्रवाह दाखवायला ही पट्टी फारच सुंदर, पण आकड्यांशिवाय ती छापणे जास्त धोक्याचे. पूर्ण पांढऱ्या रंगात एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. मीटरला ६० एलईडी असलेली एक मीटर पट्टी म्हणजे ३.६ अँपिअर. तेवढा प्रवाह युनोच्या ५ व्होल्टच्या पिनमधून कधीच घ्यायचा नाही. पट्टीला स्वतंत्र ५ व्होल्टचा पुरवठा द्यायचा आणि त्याचे ग्राउंड व बोर्डचे ग्राउंड एकत्र जोडायचे. ग्राउंड सुटे राहिले की दिवे भलत्याच रंगांत वेडेवाकडे लुकलुकतात. पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून चढउतार सावरणारा भाग), डेटाच्या वायरीत ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर, आणि पट्टीवरचा बाण बोर्डपासून दूर जाणारा. बाण उलटा असेल तर एकही दिवा लागत नाही. पट्टीला ५ व्होल्ट दिलेले असताना डेटासाठी ३.५ व्होल्टचा इशारा लागतो, म्हणून ३.३ व्होल्टच्या बोर्डवर ती कधी चालते, कधी चालत नाही; मध्ये ७४ एएचसीटी १२५ ही इशारा ५ व्होल्टपर्यंत चढवणारी चिप घातली की प्रश्न मिटतो. युनो आर ३ च्या २ किलोबाइट स्मृतीत प्रत्येक एलईडीला ३ बाइट लागतात, तेव्हा पाचशेच्या पुढे जाण्याचे स्वप्न पाहू नये. पट्टीवर पातळ ट्रेसिंग पेपर लावायचा असेल तर तो पट्टीपासून निदान दोन एलईडींमधल्या अंतराएवढा वर हवा. मीटरला ६० च्या पट्टीत ते अंतर साधारण १७ मिलिमीटर. टेकवून लावला तर ठिपके ठिपकेच दिसतात, प्रवाह दिसत नाही. नवशिक्याने मात्र आधी बारा सुटे एलईडीच करावेत असे आमचे स्पष्ट मत आहे. पट्टीत सगळे आयते असते. रेझिस्टर का लागतो आणि निळा का पेटत नाही हे सुट्या एलईडीतच कळते.

शेवटी छपाईबद्दल तीन विनंत्या. रेझिस्टर ओळखण्याचे रंगीत पट्टे चित्रात दाखवले जातात, पण पुरवणीचे ते पान कृष्णधवल असते आणि सगळे पट्टे करडे छापले जातात. पट्ट्यांची नावे शब्दांत द्यावीत : ३३० ओहम म्हणजे नारिंगी, नारिंगी, तपकिरी, २२० ओहम म्हणजे लाल, लाल, तपकिरी. आणि पाच पट्ट्यांचे रेझिस्टरही सर्रास मिळतात, तेव्हा ३३० साठी नारिंगी, नारिंगी, काळा, काळा आणि २२० साठी लाल, लाल, काळा, काळा हेही लिहावे. शेवटचा पट्टा अचूकपणाचा. जोडणीच्या चित्रात वायरींवर रंगाऐवजी पिनचा आकडा छापावा. आणि प्रोग्राम छापताना ओळी स्तंभाच्या रुंदीत बसवण्यासाठी मध्येच तोडू नयेत, अर्धविरामाची खूण गाळू नये. एक खूण गळली तरी प्रोग्राम चढत नाही, आणि पान पुढ्यात घेऊन बसलेल्या मुलाला चूक छपाईची आहे हे कळायला काही मार्ग नसतो. जागा अपुरी असेल तर आमची अशी सूचना आहे की प्रस्तावनेतल्या चार ओळी कमी कराव्यात आणि प्रोग्राम पूर्ण रुंदीत, एका चौकटीत द्यावा.

कळावे,
आपले,
इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे दोन वाचक